गंजीत पडलेला कापूस

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. गावच्या जुन्या जिनाच्या चौकीदाराचा फोन आला. "ताई, इथं प्लॉटचं लेआउट पडून राह्यलं. मोजणी झाली, चुन्याच्या रेघा मारल्या. तुमच्या आईले एक डाव पाहाचं होतं ना? तं ह्याच हप्त्यात या. मंग पाहाले काही राहाचं नाही."

आई दोन वर्षांपासून म्हणत होती, आणि दोन वर्षं मी पुढे ढकलत आले होते. कधी तिचे गुडघे, कधी ऊन, कधी माझ्या शाळेच्या परीक्षा. फोन ठेवला आणि तिला विचारलं, रविवारी जायचं का. ती म्हणाली, "रविवारी कायले? उद्या जाऊ."

अमरावतीहून सकाळीच निघालो. नेरवरून दारव्हा रोडला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, फुटलेली, मधेमधे तुरीचे तास पिवळ्या फुलावर, आणि कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. आई खिडकीतून एकेक वावर पाहत बोलत होती. हा दुसरा वेचा आहे. हे बरड दिसते, बोंड लहान राह्यलं. इथं अळी पडली, पाह्य किती कवडी (किडका, घट्ट राहिलेला कापूस) झाली. मी गाडी हळू चालवत होते तरी मला नुसतं पांढरं दिसत होतं. तिला चालत्या गाडीतून कवडी दिसत होती.

आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडचं. शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेच्या, रुळाला लागून जीन, कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. आमच्याकडे कोणी जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी असं लांबलचक म्हणत नाही. जिनाचा भोंगा, जिनाची विहीर, जिनामागची वस्ती. भोंगा बंद होऊन वीसेक वर्षं झाली, तरी पाहुण्यांना पत्ता सांगताना लोक अजूनही 'जिनापासून डाव्या हाताला' असंच सांगतात. मी त्याच गावात वाढले, पण जिनाच्या आत कधी गेले नव्हते. लहान पोरांना फाटकापाशीच अडवायचे. आत पट्टे फिरायचे आणि एका पट्ट्यानं एकदा एका बाईचं लुगडं ओढून घेतलं होतं, तेव्हापासून तो नियमच झाला होता. संध्याकाळी आई बाहेर यायची तेव्हा तिच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं असायचं. चार-पाच वर्षांची असताना मला वाटायचं की माझी आई रोज थोडी म्हातारी होऊन येते आणि आंघोळ केली की पुन्हा तरणी होते.

फाटकाला कुलूप नव्हतं. एक दार बिजागरीतून निखळून जमिनीत रुतलं होतं. चौकीदार त्याच्या खोलीतून आला आणि आईकडे पाहून म्हणाला, "या बाई. बराच दिवसानं." तो हंगामात गाठी ओढायच्या कामावर होता, पुढे चौकीदार झाला. जीन बंद पडला तरी त्याला कोणी जा म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. आत राहणारं ते एकच कुटुंब.

मोठं पटांगण. आता तिथं गाजरगवत आणि बाभळी. त्यांच्यामधून चुन्याच्या सरळ रेघा आणि रेघांच्या कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या. पलीकडे लाल विटांची उंच चिमणी. बॉयलर फार आधी भंगारात गेला. पुढे इंजिन आलं, मग विजेवरच्या मोटारी आल्या, चिमणी मात्र कोणी पाडली नाही. डाव्या हाताला ऑफिस आणि काटा, समोर रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, दुमजली इमारत, तिच्या पाठीशी प्रेसघर, कडेला सरकीचं गोदाम. ऑफिसच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेली अक्षरं अजून लागतात: 'कापूस एकाधिकार खरेदी योजना, संकलन केंद्र'. खालची ओळ चुन्यानं झाकली गेलेली.

ही योजना ज्यांच्या आठवणीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात पिकलेला कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा असं ठरलं. शेतकऱ्यानं कापूस बंडीत भरायचा, संकलन केंद्रावर आणायचा, ग्रेडरनं प्रत ठरवायची, काट्यावर माप व्हायचं, आणि तोच कापूस त्याच आवारातल्या जिनात सरकी काढून, दाबून, गाठी होऊन बाहेर पडायचा. जीन बऱ्याच ठिकाणी खासगी मालकाचे, कापूस मात्र सरकारसाठी खरेदी करणाऱ्या कापूस पणन महासंघाचा. म्हणजे एकाच फाटकातून वऱ्हाडातल्या शेतकरी घराच्या दोन गोष्टी आत जायच्या: वर्षभराचं पीक आणि घरातल्या बाईचे हात. आमच्या घरून दोन्ही जात होतं.

बाबा ह्या पटांगणात दोन-दोन रात्री बंडीखाली झोपलेले आहेत. रांग रुळापर्यंत जायची. बैल सोडून चाकाला बांधायचे, कडब्याची पेंढी टाकायची, फडक्यातली भाकर काढायची. आणि दिवसभर आई त्याच भिंतीच्या आत, वरच्या मजल्यावर. "बाबा बाहेर आहेत हे तुला माहीत असायचं?" मी विचारलं. "हाव, माईत राहे. पण खाली पाहाले टाइम कोणाले?"

रेच्यांच्या इमारतीचा जिना लाकडी होता आणि मधल्या दोन पायऱ्या गेल्या होत्या. चौकीदार म्हणाला, वर नका जाऊ. आईनं पदर खोचला, एक हात माझ्या खांद्यावर आणि एक कठड्यावर ठेवला आणि ती चढली. सत्तरी ओलांडलेली बाई. वर पोचल्यावर तिला धाप लागली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

लांबच लांब दालन. छपराचे पत्रे दोन-तीन जागी उडालेले, त्यातून उन्हाचे चौकोन खाली पडलेले. रेचे दोन ओळींत होते. बहुतेक भंगारवाल्यानं नेले. त्यांच्या जागी जमिनीत चार-चार बोल्ट तेवढे उभे होते. शेवटचे तीन राहिले, ते म्हणे फार जड होते आणि सौदा मोडला. एकावर ओतीव अक्षरांत प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. ओल्डहॅम हे मँचेस्टरजवळचं गाव. ज्या मँचेस्टरकडं आपला कापूस नेण्यासाठी रेल्वे घातली, तिथूनच सरकी काढायचं यंत्र आलं, आणि बाहेरच्या रुळावरून धावणाऱ्या शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं. ते इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं. मी त्यातून मूर्तिजापूरपर्यंत गेलेली आहे. अडीच फुटी रूळ. यवतमाळहून मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तिथून पुढे अचलपूर. गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या, मोठ्या रेल्वेत चढायच्या आणि मुंबईला जायच्या. आता ह्या रुळावर गवत आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेडच्या नव्या मोठ्या रेल्वेचं बोलणं गावागावात चालतं.

आईला मात्र त्या अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. ती रेच्याच्या मागच्या बाजूला गेली, जिथं बाई उभी राहते तिथं, आणि मला म्हणाली, इकडं ये, दाखवतो. (वऱ्हाडात आमच्या बाया अशाच बोलतात.)

रेच्यात एक आडवा रूळ असतो, चामड्याचा. चामड्याच्या चकत्या दाबून दाबून बनवलेला, आणि त्यावर तिरकस खाचा पाडलेल्या. त्याला चिकटून एक पोलादी पातं असतं, ते हलत नाही. दुसरं पातं वर-खाली हलत राहतं. कापूस रुळाला लावला की चामडं त्याचा धागा पकडून पात्याखालून ओढतं. सरकी मात्र पात्याच्या फटीतून जात नाही, तिथंच अडते, आणि हलणारं पातं तिला टोला देऊन खाली पाडतं. रुई पुढे, सरकी खालच्या मजल्यावर. एवढंच. १८४० साली अमेरिकेत मॅकार्थी नावाच्या माणसानं ही युक्ती काढली आणि आपल्याकडे ती रुजली, कारण करवतीच्या दातांनी ओढणाऱ्या यंत्रात धागा तुटतो, चामड्याच्या रुळावर तुटत नाही. एक क्विंटल कापूस घातला तर तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते. बाकीची जवळपास सगळी सरकी, आणि थोडी घट. एकशे सत्तर किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. आमच्या सहा एकर कोरडवाहूचा कापूस चांगल्या साली साडेतीन गाठींचा.

हे आकडे मी पुढे शिकले. आईनं सांगितलं ते वेगळं होतं. तिनं उजव्या हाताची चार बोटं त्या रुळावर ठेवली आणि कापूस कसा द्यायचा ते दाखवलं. ढकलायचा नाही. मुठीनं टाकायचा नाही, टाकला तर रेचा बुजतो. बोटांनी पसरत, सारखा, रुळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळ पातळ देत राहायचा. आणि देतानाच पाहायचं. पाहायचं म्हणजे डोळ्यांनी नाही, इतका वेळ नसतो. बोटांनी पाहायचं. गोटा आला तर काढायचा, कारण गोटा पात्यावर घासला की ठिणगी पडते आणि रुईला ठिणगी लागली की पाच मिनिटांत दालन पेटतं. नख्या काढायच्या. पत्ती काढायची. कवडी बाजूला टाकायची. बांगडीच्या काचा निघत, पोतीचे मणी निघत, सुतळी निघे, एकदा विळ्याचं तुटलेलं टोक निघालं.

"बोटाले समजत होतं कापूस कोनचा आहे ते," आई म्हणाली. "भारी जमिनीचा हाताले जड लागे. बरडाचा फुसका. दंवात वेचला असंन तं गंजीत गरम होऊन ये, पिवया पडे. फरदडीचा कापूस तं डोये झाकून सांगू मी."

"आपला ओळखू यायचा?"

"एक डाव आला होता." ती हसली. "मी वेचलेला. मले नाही ओळखू येनार? धुऱ्यावरच्या निंबाची पत्ती होती त्याच्यात."

निंब तर प्रत्येक धुऱ्यावर असतो, हे मी म्हणणार होते. म्हटलं नाही. चालत्या गाडीतून कवडी ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या बोटांनी वेचलेला कापूस पुन्हा त्याच बोटांखाली आल्यावर कळला असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तिच्या पुढच्या वाक्यानं मी थांबले. "पण मंग मनलं, आता कायचा आपला. गंजीत पडला की कापूस कोनाचाच नाही."

ही गोष्ट मी तिच्या तोंडून आधीही ऐकली होती, वाळ्याच्या निमित्तानं. पण ज्या जागी ती घडली तिथं उभं राहून ऐकणं वेगळं.

झालं होतं असं. लग्नानंतरचा तिसरा की चौथा हंगाम. मी पोटात होते म्हणजे १९७७ चा शेवट असणार. ती रेच्यावर कापूस देत असताना बोटांना काहीतरी कडक लागलं. तिला वाटलं गोटा आहे. काढून पाहते तर लहान मुलाच्या पायातला वाळा. चांदीचा, एक घुंगरू असलेला, दुसरं तुटलेलं. वेचणीच्या दिवसांत तान्ह्या पोरांना बाया वावरात नेतात आणि वेचलेल्या कापसाच्या ढिगावरच झोपवतात, त्याच्यापेक्षा मऊ अंथरूण दुसरं नाही. तशाच कुठल्यातरी ढिगावर कुठल्यातरी लेकराच्या पायातून तो निसटला होता, बोजात बांधला गेला, बंडीत आला, काट्यावर मोजला गेला आणि रेच्यापर्यंत पोचला. पात्याला लागला असता तर काय झालं असतं ते सगळ्या बायांना माहीत होतं, त्यामुळे आजूबाजूच्या दोघी-तिघी धावून आल्या.

सुटी झाल्यावर आई तो घेऊन खाली ऑफिसात गेली. दिवाणजी बसले होते. ते म्हणाले, कोणत्या बंडीतला आहे? आईला कसं माहीत असणार. त्यांनी त्या दिवसाचं पुस्तक काढलं. चाळीसच्या वर बंड्या होत्या, अकरा-बारा गावांच्या. प्रत्येकाचं नाव होतं, गाव होतं, वजन होतं, प्रत होती. पण नावं पुस्तकात आणि कापूस गंजीत. गंज घरापेक्षा उंच. दिवाणजींनी वाळा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, ज्याचा असेल तो येईल. हंगामभर तो तिथं लटकत होता. आई रोज आत येताना पाहायची. कोणी आलं नाही. ज्या बाईचा होता तिनं वावरभर शोधला असेल, पऱ्हाटीच्या तासातासांत बसून माती चाळली असेल. तो एवढ्या दूर एका ऑफिसच्या भिंतीवर आहे, हे तिच्या मनातही आलं नसेल.

पुढच्या हंगामात आई मला घेऊन माहेरी होती. त्याच्या पुढच्या हंगामात खिळा रिकामा होता.

प्रेसघरात फारसं काही राहिलं नाही. खड्डा आहे, त्यात पावसाचं पाणी. लोखंडी पट्ट्यांच्या गंजलेल्या वेटोळ्या आहेत. पण चौकीदारानं एक वस्तू जपून ठेवली होती, ती त्यानं खोलीतून आणून दाखवली. पत्र्याची पाटी, तळहाताएवढी, अक्षरं कोरून आरपार काढलेली. गाठ बांधून झाली की ही पाटी तिच्यावर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. प्रेसचं चिन्ह उमटायचं. त्याखाली गाठीचा नंबर. पत्र्याच्या कडांना रंगाचे थर इतके बसले होते की अक्षरांची भोकं बारीक झाली होती.

१९२५ साली ह्यासाठी कायदाच झाला होता, कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांचा. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचं चिन्ह आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे. कापसात पाणी मारणं, हलका कापूस भारी कापसात मिसळणं, हे प्रकार तेव्हाही होते. मुंबईच्या मिलमध्ये गाठ उघडली आणि आत खराब माल निघाला तर तो कोणत्या प्रेसचा ते कळायला हवं होतं. चांगला कायदा. पण ती पाटी हातात घेऊन पाहताना मला दिवाणजींचं पुस्तक दिसत राहिलं. गाठ मुंबईत उघडली तरी तिचा माग ह्या आवारापर्यंत यायचा. आवाराच्या फाटकापासून वावरापर्यंतचा माग मात्र त्याच दिवशी, गंजीच्या पायथ्याशी पुसला जायचा. मिलवाल्याला आपला कापूस कुठून आला ते शोधता येत होतं. ज्या बाईनं वेचला तिला तो कुठं गेला ते कधीच शोधता आलं नाही.

बंद पडलेले कारखाने पाहायला आता लोक जातात, फोटो काढतात. नागपूरची एम्प्रेस मिल गेली. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, जमशेटजी टाटांची. तिच्या जागी आज काय उभं आहे ते नागपूरकरांना ठाऊक आहे. त्या आठवणीत चिमणी असते, भोंगा असतो, मालकाचं नाव असतं. मला ते खोटं वाटत नाही. पण आमच्या जिनाबद्दल 'कापसाचे दिवस गेले' असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. कापूस कुठं गेला? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची कापसाची शाखा-रेल्वे उघडायला आला. तेव्हापासून आजपर्यंत ह्या काळ्या मातीतून कापूस हटलेला नाही. २००२ साली बीटी कापसाचं बियाणं आलं, त्यानंतर तर ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली गेली. दारव्हा-यवतमाळ रोडवर हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आजही लागते. गेला तो कापूस नाही. गेलं ते कापसाला हात लावून पाहणं.

२००० साली केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जुन्या जिनिंगना नवी यंत्रं घ्यायला त्यातून मदत होती. ज्यांना जमलं त्यांनी हायवेवर नवे जिनिंग उभे केले. आमच्या जिनाच्या मालकाच्या पुढच्या पिढीला त्यात रस नव्हता. एकाधिकारही पुढे उरला नाही. मी नवं जिनिंग पाहिलेलं आहे. गंजीतून कापूस नळीनं ओढला जातो, स्वच्छ होतो, आपोआप रेच्यांवर पडतो, पट्ट्यावरून रुई पुढे जाते. अख्ख्या दालनात दोन माणसं. फाटकावर ओलावा मोजायचं यंत्र असतं. सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदीत आठ टक्के ओलावा धरतात, बाराच्या वर असला तर कापूस घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. भाव मोबाइलवर कळतो, पैसे खात्यात येतात. बाबांच्या काळी असं काही नव्हतं. एका हंगामात बाबांच्या कापसाचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, पुढच्या पोळ्यापर्यंत मिळाला नाही. त्या वर्षी माझ्या आत्याचं लग्न पुढं गेलं. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही.

आईचं कामही परत यावं असं मी म्हणणार नाही. ती आज जिना चढून धापा टाकत उभी राहिली ती नुसत्या वयामुळे नाही. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या छातीला एक आजार होतो. त्याची खूण अशी की सुटी घेऊन पुन्हा कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते. आई हे मला लहानपणापासून सांगत आलेली आहे, फक्त तिच्या शब्दांत: बाजाराच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी जीव कोंडे. तोंडाला पदर बांधायचा, एवढाच उपाय. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा तिचं काम सुटून पंचवीस वर्षं झाली होती. तिच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या बायांपैकी आता तिघी-चौघी उरल्या आहेत.

तरी मला विचारावंसं वाटतं की यंत्रानं धुळीतून बाईला बाहेर काढलं, ते बरं केलं. पण मग तिला नेलं कुठं? कुठंच नाही. रेच्यावरचं काम गेलं, त्याच्या जागी गावात हंगामाचं दुसरं काम आलं नाही. वेचणी तेवढी राहिली. ती आजही हातानंच होते, वाकून, किलोवर, उन्हात, आणि तिथं वेचणारी बाई तीच आहे. तिच्या हातातल्या ज्ञानाला पूर्वी निदान एका ठिकाणी किंमत होती. बाई चांगली असली तर दिवाणजी तिला पहिल्या रेच्यावर उभी करत. आई सात हंगाम पहिल्या रेच्यावर होती. हे तिनं मला आज पहिल्यांदा सांगितलं, आणि ते सांगताना तिचा हात त्या चामड्याच्या रुळावरून फिरत होता.

खाली उतरलो. ऑफिसची खोली उघडी होती. टेबल नाही, कपाट नाही. भिंतीत वीस-पंचवीस खिळे. आई दारातच उभी राहिली आणि भिंत पाहत राहिली. कोणता खिळा, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

चौकीदाराच्या बायकोनं चहा मांडला होता. खोलीच्या बाजूला, जुन्या बॉयलरच्या ओट्याला लागून, माणसापेक्षा उंच असं देवकापसाचं झाड होतं. पऱ्हाटी एका सालाची, हे बारमाही. फांद्या भिंतीवर रेललेल्या आणि दहा-बारा बोंडं फुटून लोंबत होती. प्लॉटची चुन्याची रेघ झाडाच्या बुंध्याजवळून गेली होती. आईनं कप खाली ठेवला.

"हे कुठून आनलं वं?"

"माहेरून. लाडखेडच्या पलीकडं माह्या मायचं घर. तिच्या दारात हाये. तिनं तिच्या मायकून आनलं होतं." ती म्हणाली. "मी वाती करतो ह्याच्याच. देवळात बी देतो."

आईनं दोन बोंडं तोडली आणि ओट्यावर बसली. मी समोर पायरीवर. तिनं एक पाकळी सोडवली, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं सरकी धरली आणि डाव्या हातानं धागा असा हळू ओढला की तो सरकीला न तुटता सुटून आला. मग दुसरी. मग तिसरी. रुई डाव्या तळहातावर जमत होती, सरकी पदराच्या ओच्यात पडत होती. चौकीदाराची बायकोही एक बोंड घेऊन शेजारी बसली. दोघी एकमेकींकडं न पाहता बोलत होत्या: लाडखेडच्या कोणाचं काय, आईच्या मावशीची नणंद तिथलीच, ती गेली का आहे. बाहेर रुळाकडून बकऱ्यांचा आवाज येत होता.

काम झाल्यावर आईनं ओच्यातल्या सरक्या ओट्यावर काढल्या आणि मोजल्या. दोन बोंडांच्या सदतीस. रुई तिनं त्या बाईच्या हातात दिली, वातींसाठी. सरक्या पदराच्या टोकात बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मला म्हणाली, "चाल. दारव्ह्याले जाऊन मंग निंगू. अंधार पडंन."